साखळीतली सहावी जागा

[दृश्य: गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुक्यातलं एक गाव. उपकेंद्राचा ओटा. टेबलावर काचेच्या नळ्या. शेजारी काळ्या रेघा आखलेला कागद.]

निवेदन:

बोटाला सुई टोचायची. रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे हा रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. नळी गढूळ झाली, रेघा दिसेनाशा झाल्या, की वहीत त्या नावापुढे खूण होते आणि नमुना पुढच्या तपासणीला जातो.

ही सिकल सेल आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे स्वतः आजारी नसून मुलांना आजार देऊ शकणारा, की रुग्ण, ते ही टेस्ट सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते. पण नळी गढूळ का झाली, या एका प्रश्नात हा सगळा आजार आहे.

पूर्व विदर्भात ‘सिकल’ म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर; तिकडे पश्चिमेला यवतमाळ आणि मेळघाट. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन, असं तिचं उद्दिष्ट. त्या मोहिमेचा हिशेब हा वेगळ्या माहितीपटाचा विषय आहे. आपल्याला या गढूळ नळीच्या आत जायचं आहे.

[दृश्य: संगणकाचा पडदा. आकड्यांच्या ओळी खालून वर सरकतायत.]

निवेदन:

हे हिमोग्लोबिन आहे, लाल पेशीतलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन. चित्र नाही, फाईल आहे. एका ओळीत एक अणू आणि त्याच्यापुढे तीन आकडे: किती आडवा, किती उभा, किती खोल. हायड्रोजन सोडले तर एका हिमोग्लोबिनात असे सुमारे साडेचार हजार अणू भरतात. साखळ्या चार. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनाच्या कड्यांच्या. दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या. एकूण ५७४.

हे आकडे मिळवायला माणसांची आयुष्यं गेली आहेत. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये १९३७ च्या सुमारास हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकायला सुरुवात केली. रेणूचा पहिला ढोबळ आकार हाती आला तेव्हा १९६० उजाडलं होतं. त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची, म्हणजे स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या प्रथिनाची प्रतिकृती उभ्या सळयांच्या जंगलात रंगीत क्लिपा अडकवून बनवली. ती इतकी दाट झाली, की आतला अणू बघायचा तर सळयांमधून हात घालावा लागे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये सायरस लेव्हिंथल यांनी रेणू संगणकाच्या पडद्यावर आणला आणि तो फिरवून बघायची सोय केली. १९७१ मध्ये अशा रचनांची सार्वजनिक पेढी सुरू झाली, प्रोटीन डेटा बँक. सुरुवातीला तिच्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत, आणि सगळ्या फुकट. धानोऱ्यात रेंज असेल तर मोबाईलवरसुद्धा उघडतात.

[दृश्य: एक साखळी. दोन बंधांभोवती हळूहळू फिरणारे तुकडे. शेजारी चौकोनी आलेख.]

निवेदन:

या जगाचा एक कायदा मात्र मद्रासमध्ये लिहिला गेला. तो सांगायला आम्ही थोडा जास्त वेळ घेणार आहोत, कारण शाळेच्या पुस्तकात त्याला ओळ-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

जी. एन. रामचंद्रन. मद्रास विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ. १९५४-५५ च्या सुमारास त्यांनी आणि गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजेनची, म्हणजे कातडी आणि स्नायुबंधांत असणाऱ्या प्रथिनाची, तिपेडी रचना मांडली. नमुना होता कांगारूच्या शेपटीतला. तो मिळाला मद्रासच्याच चर्मसंशोधन संस्थेतून. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला: तुमच्या मॉडेलमध्ये काही अणू एकमेकांच्या फार जवळ आलेत. मग रामचंद्रन यांनी मुळालाच हात घातला. दोन अणू किती जवळ येऊ शकतात?

प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक अमिनो आम्लाजवळ दोनच बंध मोकळेपणी फिरतात. त्यांच्या कोनांना फाय आणि साय म्हणतात. बाकीचा सांधा सपाट आणि ताठ. म्हणजे सगळ्या साखळीची घडी ठरते ती या दोन कोनांवरून. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी अणूंना ठराविक त्रिज्येचे टणक गोळे मानलं आणि दोन्ही कोन फिरवत फिरवत, कुठल्या जोडीला गोळे एकमेकांवर आदळतात ते मोजत गेले. आदळले की ती जागा बाद. १९६३ मध्ये छापून आलेला हा आलेख म्हणजे रामचंद्रन नकाशा. त्यातला बराचसा भाग निषिद्ध आहे, निसर्गाला तिथे जाताच येत नाही. आजही जगात कुठेही नवी रचना सादर झाली, की तिचे कोन आधी या नकाशावर ताडून पाहतात.

साध्या भूमितीचं काम आहे हे. गोळे, त्रिज्या, कोन.

[दृश्य: रंगीत गोळ्यांचा हिमोग्लोबिन. लाल, निळे, राखाडी.]

निवेदन:

आधी एक कबूल करून टाकतो: हे रंग खोटे आहेत. अणूला रंग नसतो. ऑक्सिजन लाल आणि नायट्रोजन निळा दाखवायचा, हा शास्त्रज्ञांचा आपसातला रिवाज. त्रिज्या मात्र मोजलेल्या आहेत. कार्बनची १.७ अँगस्ट्रॉम. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.

आता बीटा साखळी धरायची आणि टोकापासून मोजत जायचं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी जागा. निरोगी माणसात इथे ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलमध्ये असतं व्हॅलिन. जनुकातलं एक अक्षर बदललं, एवढाच फरक. आजार रेणूत आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं होतं; नेमका बदल कुठला, ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी काही वर्षांत शोधलं.

तर मग बघू या, काय बिघडलं ते. निरोगी हिमोग्लोबिन आणि सिकलचं हिमोग्लोबिन, दोन्ही एकमेकांवर ठेवले.

[दृश्य: दोन आकृत्या एकमेकींवर सरकतात आणि जवळजवळ एक होतात.]

काहीच बिघडलेलं दिसत नाही. घडी तीच, खोल भाग तेच, लोह धरून बसलेले चार हीम तिथेच. २०२१ नंतर अल्फाफोल्डसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं प्रथिनांच्या घड्या ओळखण्याचा धडाका लावला, २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेलही त्या कामाला मिळालं. तरी एकट्या साखळीची घडी बघून तिलाही इथे फारसं काही सापडणार नाही. कारण एकट्या रेणूत दोष दिसतच नाही. तो दिसतो शेजारी दुसरा रेणू आला की.

[दृश्य: रेणूच्या पृष्ठभागावरून फिरणारा छोटा गोळा. त्याच्या मागे तयार होत जाणारं कवच.]

निवेदन:

शेजाऱ्याला रेणू कसा दिसतो, हे कळायला त्याचा पृष्ठभाग काढावा लागतो. त्याची युक्ती १९७१ मध्ये ली आणि रिचर्ड्स यांनी मांडली. पाण्याच्या रेणूएवढा, १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा घ्यायचा आणि तो सगळ्या अणूंवरून घरंगळत न्यायचा. गोळा जिथे पोचतो ते बाहेरचं. जिथे पोचत नाही ते आतलं. १९८३ मध्ये मायकेल कॉनोली यांनी त्या पृष्ठभागाचं नेमकं गणित बसवलं, आणि मग हर्बर्ट एडल्सब्रुनर यांच्यासारख्या भूमितीकारांनी गोळ्यांच्या गर्दीतली पोकळी कशी शोधायची, तिचं तोंड कुठे, तिचं आकारमान किती, हे संगणकाला शिकवलं. औषधं शोधणारे लोक आज याच पोकळ्या धुंडाळत असतात.

आपल्या सहाव्या जागेवर या. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात खूश असतं. व्हॅलिन तेलकट. त्याला पाणी नको, आडोसा हवा. ऑक्सिजन धरलेला असतो तोवर हे चालून जातं. पण ऑक्सिजन सुटला, की हिमोग्लोबिनचे दोन अर्धे भाग एकमेकांच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतात आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर ८५ व्या फेनिलॅलनिन आणि ८८ व्या ल्युसिनजवळची एक उथळ खाच नेमक्या ठिकाणी येते. व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसतं.

पंधरा अंशांचा खेळ आहे सगळा.

ही खाच निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनातही असते. तिथे बसणारं कुणी नसतं, म्हणून ती निरुपद्रवी. नळीत काय झालं, तेही आता कळलं: द्रावणातल्या रसायनानं ऑक्सिजन काढून घेतला, रेणू एकमेकांत अडकले आणि रेघा झाकल्या गेल्या.

[दृश्य: रेणूंच्या दोन रांगा. मग चौदा. पीळ पडत जातो.]

निवेदन:

एकात एक अडकत दुपदरी माळ होते. गंमत अशी, की प्रत्येक रेणूत व्हॅलिन दोन असतात, पण या जोडणीत कामाला येतं एकच. अशा सात दुपदरी माळा मिळून चौदा पदरांचा तंतू होतो, सुमारे २१ नॅनोमीटर, म्हणजे २१० अँगस्ट्रॉम जाडीचा. स्फटिकात या माळा सरळ असतात, पेशीतल्या तंतूत पिळलेल्या. म्हणून स्फटिकातले अचूक आकडे घ्यायचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणारा पीळ घ्यायचा आणि संगणकात सरळ माळेला तो पीळ देऊन बघायचं, की कुठले अणू टेकतात आणि कुठले आदळतात. पडद्यावरचा हा तंतू असा तयार झालेला आहे. तो फोटो नाही, पुराव्यावर उभं केलेलं अनुमान आहे. माहितीपटवाल्यांनी हे सांगायला हवं. बहुतेक जण सांगत नाहीत.

[दृश्य: एक लाल पेशी. तिच्यावर त्रिकोणांची जाळी.]

निवेदन:

आता हजारपट मोठ्या जगात. लाल पेशी. रुंदी सात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सात-आठ हजारावे भाग, आत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन. तिला अनेकदा तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून जावं लागतं, आणि ती जाते. कशी?

तिचं आकारमान सुमारे ९० घनमायक्रॉन. एवढं सामावायला गोल पेशीला ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरलं असतं. प्रत्यक्षात तिच्याकडे १३५ च्या आसपास आहे. धानाचं पोतं तोंडापर्यंत ठासून भरलं तर खांद्यावर वळत नाही; थोडं रिकामं ठेवलं की दोन्ही बाजूंनी लोंबतं, कुठेही बसतं. लाल पेशी अशी मुद्दाम कमी भरलेली आहे. मधली बशीसारखी खोलगी येते ती त्यामुळेच. कॅनहॅम यांनी १९७० मध्ये आणि हेलफ्रिश यांनी १९७३ मध्ये आवरण वाकवायला किती ऊर्जा लागते त्याची सूत्रं मांडली. आवरण एवढं, आकारमान एवढं, मग सर्वांत कमी वाकावं लागेल असा आकार कोणता? गणित सोडवलं की उत्तरात हीच बशी निघते.

संगणकावर या आवरणाचे हजारो त्रिकोण करतात. पेशीच्या पडद्याखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची खरीखुरी जाळी असते, बरीचशी षटकोनी. म्हणून त्रिकोणांच्या कडांना स्प्रिंगचे गुण द्यायचे, एकूण क्षेत्रफळ आणि आकारमान बदलू द्यायचं नाही, आणि पेशीला अरुंद नळीतून ढकलायचं. निरोगी पेशी दुमडते, निघून जाते. आत तंतू वाढू लागले की ते आवरणाला आतून टेकतात. त्रिकोण ताणले जातात, पेशी लांबते, टोकदार होते, ताठ होते. केशवाहिनीच्या तोंडाशी अडते. तिच्यामागे दुसरी.

पडद्यावर हे निळ्या पार्श्वभूमीवर फार देखणं दिसतं. शरीरात त्या जागी हाडाच्या आत रक्त पोचणं थांबलेलं असतं.

[दृश्य: मे महिना. पहाटेचं जंगल. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया. नंतर फळीवर पुडक्यांच्या रांगा.]

निवेदन:

तेंदूचा हंगाम. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मांडायचे. दोन-तीन आठवड्यांची रोख कमाई, म्हणून घरातलं कुणी मागे राहत नाही. ऊन पंचेचाळीसच्या आसपास.

[आवाज: एक आई. समोर आशाताई.]

“तेंदूले गेली का दुसऱ्या दिवशी पोरीचे हातपाय दुखतेत जी. रातभर कण्हते. डॉक्टर म्हणते, पाणी पाज. आता पाण्यानं का हाडाचं दुखणं जाते, ताई?”

“दुखणं आल्यावर नाही वो माय. येऊ नये म्हणून. बाटली भरून संग देत जा. अन् ताप आला का घरी ठेवू नको, लगेच दवाखान्यात आण.”

निवेदन:

आईचा प्रश्न रास्त आहे. आशाताईंचं उत्तर बरोबर आहे. दोन्हींच्या मधलं गणित असं.

ऑक्सिजन सुटला की तंतू लगेच तयार होत नाहीत. आधी काही वेळ काहीच घडत नाही, मग एकदम सगळं घट्ट होतं. त्या मधल्या वेळात पेशी केशवाहिनी ओलांडून फुफ्फुसाकडे परतली, तिला पुन्हा ऑक्सिजन मिळाला, तर ती सुटली. शर्यत आहे, आणि ती सेकंदांची आहे. हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ मध्ये मोजून दाखवलं, की हा थांबण्याचा काळ हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर विलक्षण प्रमाणात अवलंबून असतो: सुमारे तिसाव्या घातानं. दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही, तिसाव्या. कॅल्क्युलेटरवर १.०५ चा तिसावा घात काढून बघा, चारच्या वर जातो. म्हणजे पेशीतलं पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन पाच टक्क्यांनी दाट झालं, तर हातातला वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो.

त्यात सिकलच्या रुग्णांचं मूत्रपिंड लघवी नीट घट्ट करू शकत नाही. उन्हात इतरांचं शरीर पाणी राखतं, त्यांचं राखत नाही. मे महिन्यातल्या जंगलात दुपारपर्यंत पाण्याविना राहणं म्हणजे त्या तिसाव्या घाताशी खेळणं आहे. ‘पाणी पी’ हे औषध नाही म्हणून सांगितलेलं मोघम वाक्य वाटतं. या आजारात इतका नेमका हिशेब असलेले सल्ले थोडेच आहेत.

[दृश्य: आश्रमशाळा. प्रोजेक्टरवर हिमोग्लोबिन फिरतोय. विज्ञानाचे सर. नववीच्या मुली.]

[आवाज: एक विद्यार्थिनी.]

“सर, त्या खाचेत आधीच दुसरं काही बसवून टाकलं तं?”

निवेदन:

जगभरचे रसायनशास्त्रज्ञ कित्येक दशकं याच प्रश्नामागे आहेत. अडचणी दोन. खाच उथळ आहे. औषधाच्या रेणूला घट्ट धरून ठेवेल एवढी तिला खोली नाही. दुसरी अडचण मालाच्या प्रमाणाची. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ७०० ग्रॅम हिमोग्लोबिन असतं. इतर आजारांत औषधाला ज्या प्रथिनाला गाठायचं, ते शरीरात चिमूटभरही नसतं. इथे प्रत्येक हिमोग्लोबिनला औषधाचा एक-एक रेणू द्यायचा म्हटला, तर काही ग्रॅम औषध रक्तात सतत असावं लागेल.

म्हणून काहींनी दुसरी जागा धरली. खाच बुजवायची नाही, ते १५ अंशांचं फिरणंच अडवायचं. व्हॉक्सेलोटोर नावाचं औषध अल्फा साखळीच्या टोकाशी बसतं आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या घडीत रोखून ठेवतं. रचनेचे आकडे समोर ठेवून घडवलेलं औषध. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं. रुग्णांना होणारा फायदा धोक्याहून मोठा राहिलेला नाही, असं कारण दिलं. भूमिती बरोबर होती. पण अंगात भूमितीखेरीज पुष्कळ काही असतं.

[दृश्य: बाळ. मग पडद्यावर बीटाच्या जागी गॅमा साखळी.]

निवेदन:

एक उपाय मात्र आपण प्रत्येक जण घेऊन जन्मतो. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. तिच्यात ८७ व्या जागी ग्लुटामिन असतं. बीटामध्ये तिथे थ्रिओनिन. ही जागा त्या खाचेला लागूनच आहे. ग्लुटामिनमुळे शेजाऱ्याचं बसणं बिघडतं आणि माळ पुढे वाढत नाही. सिकल घेऊन जन्मलेलं मूल पहिले काही महिने ठणठणीत असतं, ते यामुळे. सहा महिन्यांच्या आसपास गॅमा ओसरते, बीटा येते, आणि एक दिवस बाळाचे हातपाय सुजतात.

हायड्रॉक्सियुरियाची गोळी ही गॅमा साखळी पुन्हा वाढवते. औषध जुनं, कर्करोगाच्या उपचारातलं. सिकलसाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ते कुणी संगणकावर रचलं नव्हतं. ते का चालतं, यातला एक मोठा भाग मात्र ८७ व्या जागेच्या भूमितीनं उलगडला.

गोळी रोज घ्यावी लागते. सुरू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठराविक काळानं मोजत राहावं लागतं, कारण डोस जास्त झाला तर त्या घसरतात. उपकेंद्रात ही मोजणी होत नाही. त्यासाठी तालुक्याला जायचं, सकाळची बस धरायची, रांगेत नंबर लावायचा. तेंदूच्या हंगामात त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि नेमकी त्याच दिवसांत तपासणी चुकते.